वेगावरून स्थान काढताय? या चुका टाळा

बेळगावात सेकंड पीयूच्या, म्हणजे बारावीच्या, मुलांना मी गणित शिकवतो. पेपर तपासायला घेतले की दरवर्षी त्याच चुका समोर येतात. 'वेगाचं इंटिग्रेशन केलं की स्थान मिळतं' हे वाक्य सगळ्यांना तोंडपाठ असतं, पण ते अर्धंच खरं आहे. इंटिग्रेशनमधून, म्हणजे क्षणाक्षणाच्या वेगाची बेरीज करून, मिळतो तो स्थानातला बदल. गाडी सुटली कुठून, हे वेगाला ठाऊक नसतं. ते गणितात दिलेलं असतं आणि मुलं नेमकं तेच वाचत नाहीत.

दरवर्षी मी एक गणित घालतो. बेळगाव म्हणजे शून्य, खानापूरची दिशा धन, खानापूर २६ किलोमीटरवर. खानापुरातून बेळगावकडे निघालेल्या बसचा पहिल्या अर्ध्या तासातला वेग ताशी −६०टी किलोमीटर; टी म्हणजे निघाल्यापासूनचा वेळ, तासांत. अर्ध्या तासानं बस कुठे असेल? वर्गातली निम्मी मुलं −३०टी² लिहितात, टीच्या जागी ०.५ घालतात आणि −७.५ वर दोन रेघा मारून मोकळी होतात. म्हणजे खानापूरच्या स्टँडवरून आत्ता निघालेली बस बेळगाव ओलांडून काकतीच्या बाजूला साडेसात किलोमीटर गेली! एकाला विचारलं, सी, म्हणजे इंटिग्रेशननंतर मिळवायचा स्थिरांक, कुठे गेला? तो म्हणाला, "सर, सुरुवातीला टी शून्य, मग सी पण शून्यच की." अरे बाबा, घड्याळात शून्य वाजले म्हणून बस बेळगावात येत नाही. ती खानापुरातच उभी आहे. सी २६, आणि उत्तर १८.५.

याच्या पुढची चूक जास्त फसवी आहे, कारण ती हुशार मुलं करतात. सी म्हणजे सुरुवातीचं स्थान, असा त्यांनी नियमच करून ठेवलेला असतो. बहुपदी असेपर्यंत तो चालतो. वेग ६ साइन २टी द्या आणि सुरुवातीचं स्थान २ द्या, की गडबड झालीच. इंटिग्रेशन −३ कॉस २टी + सी. मुलं सी च्या जागी २ ठेवतात. टी शून्य घालून बघा, स्थान येतं −१. शून्याचा कॉस १ असतो, म्हणून सी ५ हवा.

मी स्वतः सी लिहितच नाही. आधी सुरुवातीचं स्थान मांडतो आणि त्यात शून्यापासून टीपर्यंतचं इंटिग्रेशन मिळवतो. खालची मर्यादाही घालावी लागते, त्यामुळे तो ५ आपसूक येतो. मग उत्तरात टी शून्य घालून सुटलेली जागा परत मिळते का बघतो, आणि एकदा डेरिव्हेटिव्ह, म्हणजे बदलाचा दर, काढून वेग जुळवतो. याला अर्धा मिनिट लागतो. मुलं म्हणतात, सीईटी या प्रवेश परीक्षेत ८० मिनिटांत ६० प्रश्न, एवढा वेळ कुठला? वेळ कमी असतो हे मला मान्य आहे. पण शॉर्टकटच्या झेरॉक्स पाठ करून आलेली मुलंच हा साइनचा प्रश्न घालवतात, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की त्या झेरॉक्स वर्गात दिसल्या तरी मला राग येतो.

आता अंतर (एकूण किती चाललो) आणि विस्थापन (स्थान किती बदललं). काही वर्षांपूर्वी खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातली मुलगी माझ्याकडे होती. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पीयूला एकदम सगळं इंग्रजी. चाचणीत वेग दिला होता टी² − ४टी + ३ आणि विचारलं होतं, पहिल्या ३ सेकंदांत कण एकूण किती मीटर अंतर चालला? तिनं शून्य काढलं आणि खाली लिहिलं, कण हललाच नाही. मी फुली मारली. ती वही घेऊन आली. "सर, इंटिग्रेशन बरोबर आहे की."

बरोबरच होतं. ९ − १८ + ९ शून्यच होतात. मी तिला दारापासून फळ्यापर्यंत आणि परत दारापर्यंत चालायला लावलं. "किती पावलं झाली?" "बारा." "आणि आता कुठे उभी आहेस?" ती दाराकडे बघून गप्प राहिली. मग विचारलं, विस्थापन म्हणजे काय? नववीत मराठीत शिकलेली व्याख्या तिनं घडाघडा सांगितली. 'डिस्प्लेसमेंट' म्हणजे तेच, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. चूक तिची नव्हती. तेव्हापासून मी दोन्ही शब्द फळ्यावर शेजारी शेजारी लिहितो.

अंतर विचारलं की आधी वेग शून्य कधी होतो ते काढा. इथे १ आणि ३ सेकंदांना. पहिल्या सेकंदात कण ४/३ मीटर पुढे जातो, पुढच्या दोन सेकंदांत तेवढाच मागे येतो. अंतर ८/३ मीटर. वेगाचा आलेख काढलात तर अक्षाखाली गेलेला भाग डोळ्यांनाच दिसतो, आणि आलेख व अक्ष यांमधलं क्षेत्रफळ म्हणजेच सरकणं. आलेखाला कंटाळणाऱ्यांना मी बॅबिलोनचं सांगतो. दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी तिथल्या लोकांनी मातीच्या पाट्यांवर गुरूचं ६० दिवसांतलं सरकणं समलंब चौकोनाच्या क्षेत्रफळासारखं काढलंय: सुरुवातीला दिवसाला १२ कला (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग), शेवटी साडेनऊ, सरासरी गुणिले ६० म्हणजे ६४५ कला, १० अंश ४५ कला.

मात्र पहिल्या-शेवटच्या वेगाची सरासरी तिथेच चालते जिथे वेग सारख्या दरानं बदलतो. यूटी अधिक अर्धा एटी² (यू सुरुवातीचा वेग, ए त्वरण) या सूत्राचंही तसंच. त्वरणात टी दिसला की ते सूत्र बाजूला ठेवा.

वेग बदलत असताना शेवटचा वेग गुणिले वेळ करू नका. वरच्या बसला ३० गुणिले अर्धा तास केलात तर १५ येतात, खरे साडेसात.

आणि एकक बघा. ताशी ४८ किलोमीटर वेग आणि १५ मिनिटं दिली की कुणीतरी ७२० लिहितोच. बेळगावहून बेंगळुरूसुद्धा एवढं लांब नाही. पाव तास म्हणा, १२ किलोमीटर.