मॅरेथॉनच्या सरावात १० किलोमीटरची शर्यत आली, तर

मॅरेथॉनचा सराव चालू असताना एखाद्या रविवारी १० किलोमीटरची शर्यत आली, की त्या आठवड्याच्या लांब पल्ल्याच्या धावेचे काय करायचे, हा प्रश्न पडतो. ती धाव थोडी कमी करून बुधवारीच उरकावी, गुरुवारी व शुक्रवारी रंकाळ्याकाठी सावकाश धावावे आणि शनिवारी केवळ २० मिनिटे धावून शेवटी १०० मीटरचे ४ वेगवान टप्पे घ्यावेत. शर्यतीआधी १५ मिनिटे हलके धावून अंग तापवावे, कारण छोट्या अंतरात पहिल्या किलोमीटरपासूनच वेग लागतो. शर्यतीनंतर ५ किलोमीटर रमतगमत धावल्यास आठवड्याचे अंतरही बरेचसे भरून निघते. मला ही युक्ती सर्वांत मोलाची वाटते. मात्र शनिवारी रात्री तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचा बेत कटाक्षाने टाळावा. तो शर्यतीनंतर करावा.