स्क्रूची डोकी न दिसता फर्निचर जोडताना

छुपा सांधा कोणत्या पद्धतीने करायचा हे ठरवण्यापूर्वी तो पुन्हा कधी उघडावा लागेल का, याचा विचार करावा. ठाणे आणि नवी मुंबईत असंख्य कुटुंबे अकरा महिन्यांच्या कराराच्या घरात राहतात, आणि सात फुटी कपाट सोसायटीच्या लिफ्टमध्ये सहसा मावत नाही. त्यामुळे कपाट, पलंग यांसारख्या मोठ्या वस्तूंना खोलता-जोडता येईल अशीच जोडणी हवी. पुस्तकांची लहान मांडणी, ड्रॉवर किंवा देव्हारा यांना मात्र फेविकॉल लावून कायमचा सांधा केलेला बरा, कारण तो अधिक घट्ट राहतो आणि स्वस्तही पडतो.

कायमच्या सांध्यांपैकी घरी करता येण्याजोगा सर्वांत भरवशाचा प्रकार लाकडी खुंट्यांचा, म्हणजे डॉवेलचा आहे. खुंटीची जाडी फळीच्या जाडीच्या एक तृतीयांश ते निम्मी असावी, म्हणून १८ मिलिमीटरच्या प्लायला ८ मिलिमीटर जाड आणि ३० मिलिमीटर लांब खुंटी योग्य ठरते. तिच्या अंगावर उभ्या खाचा असलेल्याच घ्याव्यात, कारण ठोकताना आतली हवा आणि जादा फेविकॉल त्या खाचांतून बाहेर पडतो. आडव्या फळीच्या कडेत २० मिलिमीटर आणि उभ्या फळीच्या अंगात १२ मिलिमीटर खोल भोक पाडावे. दोन्ही मिळून खुंटीपेक्षा २ मिलिमीटर खोली जास्त भरते आणि ती मुद्दाम ठेवायची असते. नाहीतर तळाशी कोंडलेला फेविकॉल खुंटीला मागे रेटतो आणि शिकंजा (फळ्या दाबून धरणारा क्लॅम्प) कितीही आवळला तरी केसभर फट राहून जाते.

दोन्ही फळ्यांवर टेपने स्वतंत्र मापे घेऊन भोके पाडली, तर ती समोरासमोर येतीलच याची खात्री नसते. त्याऐवजी आधी कडेतली भोके पाडावीत, त्यांत टोकदार धातूच्या टोप्या (डॉवेल सेंटर) बसवाव्यात, गुण्या (काटकोन तपासायचे साधन) लावून ती कड दुसऱ्या फळीवर नेमक्या जागी टेकवावी आणि वरून हातोडीची एक हलकी थाप द्यावी. टोपीचे टोक जिथे रुतेल तिथेच दुसरे भोक पाडायचे. ड्रिलचे बिट मधोमध टोक असलेले, खास लाकडाचे वापरावे आणि खोलीची खूण म्हणून त्यावर चिकटपट्टी गुंडाळावी. मात्र पट्टीचे माप टोकापासून न घेता धारेपासून घ्यावे. ड्रिल काटकोनात धरलेले आहे की नाही, हे पाहायला शेजारी गुण्या उभा करून ठेवला तरी पुरते.

आपल्याकडच्या पावसाळ्यात उघड्या पिशवीतल्या खुंट्या हवेतला ओलावा पिऊन फुगतात आणि ८ मिलिमीटरच्या भोकात शिरेनाशा होतात. शिवाय कोरडी खुंटी फेविकॉलमधल्या पाण्याने भोकातच फुगून आवळली जाते, हा या सांध्याचा मोठा फायदा. आधीच फुगलेल्या खुंटीला तो मिळत नाही. म्हणून त्या घट्ट झाकणाच्या डब्यातच ठेवाव्यात. फेविकॉल भोकात आणि कडेवरही लावावा, पण सनमायकावर तो पकड घेत नाही, त्यामुळे सांध्याच्या जागेपुरता सनमायका आधी खरवडून काढावा. बाहेर आलेला फेविकॉल ओल्या फडक्याने लगेच पुसावा आणि चोवीस तास वस्तूवर वजन ठेवू नये.

बिस्किट जॉइंटला, म्हणजे खाचेत चपटी लाकडी चकती बसवून केलेल्या सांध्याला, वेगळे यंत्र लागते आणि त्याचा उपयोग ताकदीपेक्षा फळ्या एका पातळीत आणण्यासाठी अधिक होतो, म्हणून एखाद-दुसऱ्या वस्तूसाठी त्या खर्चात पडू नये. पॉकेट होल, म्हणजे सुमारे १५ अंशांच्या तिरक्या भोकातून मारलेला स्क्रू, झटपट होतो, पण तो फळीच्या खालच्या किंवा मागच्या बाजूलाच शोभतो.

उघडता येणाऱ्या सांध्यांसाठी मिनिफिक्स वापरावे. यात उभ्या फळीत बोल्ट बसतो आणि आडव्या फळीतली १५ मिलिमीटर व्यासाची चकती फिरवली की ती बोल्टचे डोके स्वतःकडे ओढून घेते. चकतीचे भोक कडेपासून किती अंतरावर घ्यायचे हे बोल्टच्या लांबीवर ठरते (नेहमीच्या बोल्टला ३४ मिलिमीटर), आणि १६ व १८ मिलिमीटर फळ्यांच्या चकत्या वेगवेगळ्या असतात. तेव्हा फळी दुकानात नेऊनच त्या खरेदी कराव्यात. चकती नजरेच्या वरच्या फळीला वरून आणि खालच्या फळीला खालून बसवली, तर वरून झाकणाची टोपी न लावताही ती दिसत नाही. प्रत्येक मिनिफिक्सजवळ फेविकॉल न लावता एक खुंटी द्यावी, म्हणजे फळी गिरकी घेत नाही. पार्टिकल बोर्डमध्ये (लाकडाचा भुसा दाबून बनवलेल्या फळीत) चकती जोर लावून पिळू नये, कारण तिथला भुसा एकदा सुटला की तीच जागा पुन्हा पकड देत नाही.

सागवानासारख्या अखंड लाकडाच्या टेबलाची वरची फळी चौकटीला कधीही फेविकॉलने चिकटवू नये. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि जखडून ठेवल्यास तडकते. चौकटीच्या आतल्या अंगाला खाच करून तीत जीभ अडकेल असे लहान लाकडी गुटके फळीला खालून स्क्रूने लावावेत आणि बाजूंच्या गुटक्यांपाशी दोन-तीन मिलिमीटर मोकळी जागा ठेवावी. फळी जागच्या जागी राहते, पण तिला सरकायला वाव मिळतो.

भिंतीवरच्या कपाटासाठी १८ मिलिमीटर प्लायची पट्टी लांबीत ४५ अंशांत कापून तिचे दोन भाग करावेत. एक भाग उतरती बाजू भिंतीकडे येईल असा भिंतीला आणि दुसरा उलटा करून कपाटाच्या पाठीला लावला, की कपाट नुसते वरून अडकवता येते. भिंत कसली आहे हे आधी तपासावे. घोडबंदर रस्त्यावरच्या अनेक नव्या इमारतींत काही भिंती काँक्रीटच्या तर काही हलक्या एएसी ब्लॉकच्या असतात; काँक्रीटला हॅमर ड्रिल लागते, तर ब्लॉकमध्ये ठोके बंद ठेवून भोक पाडावे आणि त्याच्यासाठीच बनवलेले लांब प्लग वापरावेत. स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली वायर असण्याची शक्यता असल्याने तिथे भोक टाळावे. शेवटी कपाटाच्या पाठीला खालच्या बाजूने १८ मिलिमीटरचीच एक पट्टी ठोकावी, नाहीतर कपाट खाली भिंतीकडे कलते आणि दारे आपोआप उघडू-मिटू लागतात.