खाऱ्या पाण्याच्या टाकीत खाणं किती वेळा घालायचं?

क्लाउनफिश, डॅमसेल या माशांना दिवसातून एकदा किंवा दोनदा, दोन-तीन मिनिटांत संपेल एवढंच घाला. मासा काचेपाशी येऊन तोंड उघडझाप करतो म्हणून तो उपाशी आहे असं समजू नका. माणूस दिसला की तो तसंच करतो. उरलेलं खाणं कुजून नायट्रेट आणि फॉस्फेट वाढतं, मग शेवाळ माजतं. ॲन्थियास मासे मात्र वेगळे. त्यांना दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं लागतं, नाहीतर ते खंगत जातात. टँग माशाला नोरीचा (वाळवलेल्या समुद्री शेवाळाच्या पातळ पापुद्र्याचा) तुकडा क्लिपला लावून द्या, तो दिवसभर कुरतडत बसतो.

टाकीतले बहुतेक कोरल (प्रवाळ) आपल्या पेशींतल्या सूक्ष्म शैवालाकडून, म्हणजे प्रकाशावर, पोट भरतात. मोठ्या तोंडाच्या एलपीएस कोरलना (कठीण सांगाड्याचे, मोठ्या पॉलिपचे कोरल; पॉलिप म्हणजे कोरलमधला एकेक जीव) आठवड्यातून एक-दोनदा मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) पुरे. दिवे मंद झाल्यावर स्पर्शिका बाहेर आल्या की पंप दहा मिनिटं बंद करा आणि पिपेटने हलकेच तोंडाशी सोडा. पंप पुन्हा चालू करायला विसरू नका! सन कोरलमध्ये ते शैवाल नसतंच, त्यामुळे त्याच्या एकेका पॉलिपला नियमित भरवावं लागतं. एवढा वेळ नसेल तर कृपया तो विकत घेऊ नका.