बेंड पाइप बदलल्यावर इंजिनाचा दिवा लागला? ऑक्सिजन सेन्सर फेकण्याआधी हे तपासा

बाजारातला बेंड पाइप, म्हणजे इंजिनातून सायलेन्सरकडे धूर नेणारा वाकडा पाइप, बसवला की अनेकदा दोन-चार दिवसांत मीटरवर पिवळा इंजिनाचा दिवा लागतो, ॲव्हरेज पडते, थ्रॉटल सोडला की सायलेन्सरमधून फटाके वाजतात. कारला हेडर, म्हणजे तसाच पाइपांचा संच, बसवला तरी तक्रारी याच. गॅरेजमध्ये तेव्हा पहिला सल्ला मिळतो, 'ऑक्सिजन सेन्सर गेलाय, नवा टाका.' हा सल्ला घाईचा आहे. कालपर्यंत नीट चालणारा सेन्सर पाइप बदलल्याबरोबर आपोआप बिघडत नाही. बहुतेक वेळा तो खरेच सांगत असतो, त्याच्यापर्यंत पोचणारा धूरच बदललेला असतो. म्हणून महागडा भाग विकत घेण्याआधी पुढची तपासणी याच क्रमाने करा.

सेन्सर काय बघतो

तो पेट्रोल मोजत नाही, धुरात उरलेला ऑक्सिजन मोजतो. आतल्या झिर्कोनियाच्या घटकाची एक बाजू धुरात असते, दुसरी बाहेरच्या हवेला लागून. दोन्हीकडच्या ऑक्सिजनमध्ये फरक जास्त, तितके व्होल्टेज जास्त. पेट्रोल जास्त झाले, म्हणजे मिश्रण रिच असले, की ०.८ ते ०.९ व्होल्ट येतात. हवा जास्त झाली, म्हणजे लीन असले, की ०.१ च्या आसपास. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, हा आकडा बघून इंजेक्टर कमी-जास्त उघडा ठेवतो आणि व्होल्टेज ०.४५ च्या वर-खाली झुलत राहते. साध्या पेट्रोलच्या एका भागाला वजनाने हवेचे १४.७ भाग लागतात. आता पंपावर मिळणाऱ्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला साडेतेराच्या आसपास.

सेन्सर साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापला तरच बोलतो. त्यासाठी बऱ्याच सेन्सरमध्ये छोटा हीटर असतो. म्हणजे नवा पाइप त्याला तीन प्रकारे त्रास देऊ शकतो: बाहेरची हवा आत येऊ देऊन, तो बसतो ती जागा थंड करून, आणि त्याची वायर ताणून किंवा भाजून.

आधी कोड वाचा, मग प्लग काढा

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम आले आणि आपल्याकडच्या नव्या बाइकवरचा कार्ब्युरेटर जवळजवळ संपला. अनेक बीएस-६ बाइकच्या सीटखाली सहा पिनचे निदानाचे कप्लर, म्हणजे वायर जोडायचा सॉकेट, असते. योग्य ॲडॅप्टर मिळाला तर साध्या ब्लूटूथ स्कॅनरनेही ईसीयूने नोंदवलेले दोषाचे कोड दिसतात. ते लिहून घ्या, लगेच पुसू नका. पी-०१७१ म्हणजे मिश्रण लीन, पी-०१३३ म्हणजे सेन्सरचा प्रतिसाद मंद, पी-०१३५ म्हणजे हीटरच्या सर्किटमध्ये दोष.

मग स्पार्क प्लग काढून त्याचा रंग बघा. कोड म्हणतो लीन आणि प्लग निघतो काळाकुट्ट, काजळीने माखलेला, तर उत्तर बहुधा हातात आलेच. सेन्सरला जास्तीची हवा दिसते आहे, ईसीयू ती भरून काढायला पेट्रोल ओततो आहे, आणि सिलिंडरमध्ये मात्र ती हवा कधी गेलेलीच नाही. पाइपला कुठेतरी फट आहे.

फट शोधा

सर्वात जास्त वेळ इथेच द्या. धूर पाइपमधून सलग वाहत नाही, धक्क्याधक्क्याने येतो. दोन धक्क्यांच्या मध्ये आतला दाब बाहेरच्यापेक्षा खाली जातो आणि बारीकशा फटीतूनही हवा आत ओढली जाते. म्हणून 'धूर बाहेर येताना दिसत नाही' याचा अर्थ 'फट नाही' असा होत नाही. आयडलवर, म्हणजे गाडी उभी असताना मंद चालणाऱ्या इंजिनावर, आणि थ्रॉटल बंद केल्यावर हे जास्त होते, फटाकेही त्याच वेळी वाजतात.

इंजिन पूर्ण थंड असताना सुरुवात करा. तापल्यावर धातू फुगतो आणि छोटी फट बुजते, मग सापडत नाही. पाइप इंजिनाच्या हेडला जिथे लागतो त्या फ्लँजभोवती, म्हणजे नटांनी आवळलेल्या पट्टीभोवती, टॉर्च फिरवा. फटीच्या जागी पोर्टपासून, म्हणजे हेडमधल्या धुराच्या भोकापासून, बाहेर पसरलेली काळी, कोरडी रेघ दिसते, बोटाला काजळी लागते. त्यानंतर खात्रीची चाचणी: इंजिन बंद ठेवून व्हॅक्युम क्लीनरची हवा बाहेर फेकणारी नळी सायलेन्सरच्या तोंडाला जाड कापड गुंडाळून धरा, आणि प्रत्येक जोडावर, प्रत्येक वेल्डिंगवर, सेन्सरच्या आट्यांवर साबणाचे पाणी लावा. बुडबुडे येतील ती जागा. सेन्सरच्या पुढचा, सायलेन्सरकडचा जवळचा जोडही सोडू नका, तिथूनही हवा मागे ओढली जाते.

हेडजवळच्या फटीचे कारण बहुतेकदा जुनेच पॅकिंग असते. ही रिंग एकदा दाबली गेली की पुन्हा तशी बसत नाही, पाइप काढला की नवीन घालायची. फ्लँजचे दोन नट आलटून पालटून, थोडे थोडे आवळा. एक नट आधी पूर्ण आवळला तर फ्लँज तिरका बसतो आणि दुसऱ्या बाजूला फट राहते. एकदा गाडी तापून थंड झाली की नट पुन्हा तपासा, पण जोर करू नका. हेडमध्ये तुटलेला स्टड काढणे फार त्रासाचे काम आहे.

पॅकिंगच्या जागी साधा सिलिकॉन चोपडून फट बुजवायची सवय ज्यांना आहे, त्यांना हात जोडून सांगतो, तसे करू नका. सिलिकॉनची वाफ सेन्सरच्या टोकावर पांढरा थर धरते आणि मग तो खरोखरच मरतो. सीलंट लागलाच तर डब्यावर 'सेन्सर सेफ' लिहिलेला घ्या.

सेन्सर कुठे आणि कसा बसलाय

जुना आणि नवा पाइप शेजारी ठेवून पोर्टपासून सेन्सरपर्यंतचे अंतर मोजा. नव्या पाइपवर जागा बरीच मागे असेल तर धूर तिथे पोचेपर्यंत निवतो आणि सेन्सर संथ होतो. पी-०१३३ येण्याचे हे एक कारण. वेल्डरकडून मूळ अंतरावर बैठक लावून घेणे हाच खरा उपाय, आणि वेल्डिंगच्या वेळी सेन्सर काढलेला हवा.

कोनही बघा. सेन्सरचे शेपूट आडव्या रेषेपेक्षा किमान १० अंश वर हवे. खालून बसवला तर पाइपात साचलेले पाणी त्यात शिरते आणि तापलेला सिरॅमिक तडकतो. त्याचे टोक धुराच्या वाटेत डोकावते आहे ना, हेही पाहा. काही स्वस्त पाइपांवर बैठक इतकी उंच असते की टोक तिच्यातच लपते.

वायर आणि कप्लर

वायर पाइपला टेकली असेल तर आवरण वितळलेले दिसेल. चार वायरच्या अनेक सेन्सरमध्ये दोन पांढऱ्या हीटरच्या, काळी सिग्नलची आणि करडी अर्थची असते. तरी आपल्या गाडीचा वायरिंग नकाशा बघूनच हात लावा. कप्लर काढून दोन हीटर वायरमधला रोध मोजा. थंड सेन्सरवर काही ओहम यायला हवेत. मीटर सर्किट उघडे (ओपन) दाखवत असेल तर हीटर तुटला. रोध ठीक आणि पी-०१३५ कायम असेल तर फ्यूज आणि गाडीकडची वायर तपासा.

वायर तोकडी पडत असेल तर त्याच कप्लरचे तयार एक्स्टेन्शन घ्या. सेन्सरची स्वतःची वायर कापून कथलाचा टाका मारू नका. अनेक सेन्सरना तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा त्या वायरच्या तारांमधूनच आत जाते, टाका ती वाट बंद करतो.

रॉयल एनफिल्डच्या ६५० सीसी बाइकवर दोन्ही पाइपांना एकेक सेन्सर आहे, व्ही-६ कारमध्येही प्रत्येक बाजूला वेगळा असतो. जिथे ईसीयू दोन्ही बाजूंचे पेट्रोल स्वतंत्र सांभाळतो, तिथे कप्लरची अदलाबदल झाली तर एक बाजू रिच होत जाते आणि दुसरी लीन. एका बाजूला लीन, दुसऱ्या बाजूला रिच असे कोड एकदम आले तर आधी कप्लर पाहा.

आता सेन्सरची परीक्षा

इंजिन पूर्ण तापवा. गाडी मोकळ्या जागी उभी करा. कप्लर जोडलेलाच ठेवून मागून बारीक पिनने सिग्नलच्या वायरला मल्टिमीटर लावा. २००० ते २५०० आरपीएमवर व्होल्टेज ०.१ ते ०.९ च्या दरम्यान सतत वर-खाली व्हायला हवे. ते खालीच अडकले असेल तर थ्रॉटल झटकन उघडून बंद करा. आकडा उसळून वर गेला आणि परत पडला, तर सेन्सर जिवंत आहे. परत फट शोधायला लागा. हललाच नाही, वायरही शाबूत आहे, तेव्हा नवा घ्या. वाइडबँड, म्हणजे मिश्रणाचे नेमके प्रमाण मोजणाऱ्या जातीच्या सेन्सरला हे आकडे लागू नाहीत.

नवा बसवताना आट्यांना कंपनीने लावलेला लेप पुसू नका, टोकाला काहीच लावू नका. कारमध्ये आटे बहुधा एम १८, पिच १.५ चे असतात, बऱ्याच बाइकवर एम १२, पिच १.२५ चे. बारीक आटे पटकन मरतात, म्हणून आधी हाताने फिरवा, मग मॅन्युअलमधल्या टॉर्कवर आवळा.

सगळे झाले की कोड पुसा आणि शहरातले, हायवेवरचे असे मिश्र रायडिंग करा. स्कॅनरवर फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू पेट्रोलमध्ये करत असलेली कमी-जास्त, उणे १० ते अधिक १० टक्क्यांत राहिला तर काम झाले. फुल थ्रॉटलला मात्र साधारणपणे ईसीयू या सेन्सरचे ऐकत नाही, ठरलेल्या मॅपवर, म्हणजे आत साठवलेल्या पेट्रोलच्या तक्त्यावर, चालतो. तिथे मिश्रण लीन होत असेल तर वाइडबँड लावून डायनोवर, म्हणजे गाडी जागेवर चालवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, मॅप करून घ्यावा लागतो.

एक गोष्ट या क्रमात बसत नाही. बऱ्याच बीएस-६ बाइकचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग, बेंड पाइपमध्येच असतो, आणि नव्या पाइपमध्ये तो नसतो. १ एप्रिल २०२५ पासूनच्या ओबीडी-२बी (गाडीनेच स्वतःचे दोष ओळखण्याच्या नियमांचा टप्पा) दुचाकी कन्व्हर्टरवरही नजर ठेवतात. कारमध्ये कन्व्हर्टर नीट काम करत नसल्याचा दोष पी-०४२० या कोडने दिसतो. कन्व्हर्टरच्या मागे बसलेल्या दुसऱ्या सेन्सरला फसवणारे जुगाड मिळतात, ते मी सुचवणार नाही. धूर विषारीच राहतो, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत मनाने फेरफार करता येत नाही. पाइप घ्यायचाच तर कन्व्हर्टर असलेला घ्या.

मूळ पाइप विकून टाकू नका. सर्व करूनही दिवा लागतच राहिला तर तोच सेन्सर, नवे पॅकिंग आणि मूळ पाइप लावून आठवडाभर गाडी चालवा. दिवा लागला नाही तर सेन्सरवर आणखी एक रुपयाही खर्च करू नका, नवा पाइप दुकानदाराकडे परत न्या.