फ्यूत्यूर आंतेरियर: पेपराला बसण्याआधी

‘तोवर काम झालेलं असेल’ असं सांगणारा फ्रेंचमधला काळ म्हणजे फ्यूत्यूर आंतेरियर. फ्यूत्यूर सँप्ल (साधा भविष्यकाळ) आणि पासे काँपोझे (झालेल्या गोष्टीचा भूतकाळ) येत नसतील तर आधी ते करून या, इथे ते शिकवत बसणार नाही. रचना दोन तुकड्यांची आहे: आव्हुआर (जवळ असणं) किंवा एत्र (असणं) या सहायक क्रियापदाचं फ्यूत्यूर सँप्लमधलं रूप आणि त्यापुढे पार्तिसिप पासे, म्हणजे मुख्य क्रियापदाचं ‘केलेलं, गेलेलं’सारखं रूप. एवढं वर्गात सगळ्यांना येतं. गुण जातात ते शेवटच्या अक्षरांवर.

सहायकांचे दोन तक्ते वहीत हाताने लिहून काढा. मोबाइलवर नको, तिथे शब्द पुरा होण्याआधीच पर्याय समोर येतात आणि हाताला सवय लागत नाही. आव्हुआरचं मूळ ए-यू-आर, एत्रचं एस-ई-आर. दोघांना प्रत्यय तेच: ए-आय, ए-एस, नुसता ए, ओ-एन-एस, ई-झेड, ओ-एन-टी. रूपं सहा, पण कानाला आवाज तीनच येतात. झोरे (मी) आणि व्हूझोरे (तुम्ही) शेवटी सारखेच वाजतात, तु ओरा (तू) आणि इल ओरा (तो) सारखेच, नूझोरों (आम्ही) आणि इलझोरों (ते) सारखेच. म्हणून नुसतं पाठ म्हणून भागत नाही. लिहा.

आता एस. सगळ्यात आधी हाच. झोरेच्या शेवटी ए-आय, पुढे काही नाही. त्यापुढे एस पडला की काळच बदलतो आणि वाक्य काँदिस्योनेल पासेचं, म्हणजे ‘झालं असतं’ सांगणाऱ्या काळाचं होतं. ‘झोरे एक्री’ एसविना लिहिलं तर ‘मी पत्र लिहिलं असेल’, एस लावून लिहिलं तर ‘मी पत्र लिहिलं असतं’. झ सरेचंही तसंच: एसविना ‘मी पोचलेलो असेन’, एससकट ‘मी पोचलो असतो’. बोलताना बहुतेक फ्रेंच माणसं या दोन्हींत फरक करत नाहीत, त्यामुळे श्रुतलेखनात कानावर भिस्त ठेवू नका. वाक्य मनात मराठीत म्हणा. असेल, असेन आलं तर एस नाही. असतं, असतो आलं तर एस. तरीही खात्री नसेल तर ‘झ’ काढून तिथे ‘इल’ घाला: ‘इल ओरा’ शोभत असेल तर एस नाही, ‘इल ओरे’ म्हणावंसं वाटलं तर काँदिस्योनेल आहे, एस लावा. या चाचणीला पाच सेकंदही लागत नाहीत. प्रत्येक ‘झ’ला करा. तु ओराच्या शेवटी मात्र एस हवाच, आणि त्याच्याच नादात तो झोरेला चिकटतो.

पार्तिसिपचं फार सांगत नाही. ई-आरवाल्यांना अक्सां एग्यू (वर उजवीकडे चढणारी तिरकी रेघ) असलेला ई, आय-आरवाल्यांना बहुधा आय, आर-ईवाल्यांना बहुधा यू. अनियमित तीसेक पाठ हवेत: फे, प्री, मी, दी, एक्री, व्ह्यू, ल्यू, ब्यू, स्यू, प्यू, क्र्यू, रस्यू, व्हेक्यू, उव्हेर, ने, मॉर वगैरे. दव्हुआर (करावं लागणं) याचं पार्तिसिप यूवर टोपी घालून लिहायचं, पण फक्त पुल्लिंगी एकवचनात. स्त्रीलिंगात आणि अनेकवचनात टोपी जाते. १९९० च्या लेखनसुधारणेत पुष्कळ शब्दांवरची टोपी ऐच्छिक झाली, ही राहिली.

सहायक कुठला घ्यायचा, इथे मराठी माणूस हमखास घसरतो. एत्र घेणाऱ्या क्रियापदांची आद्याक्षरं लक्षात राहावीत म्हणून वर्गात ‘डॉक्टर मिसेस व्हँडरट्रॅम्प’ (DR MRS VANDERTRAMP) शिकवतात. त्यात १६ अक्षरं आणि १६ क्रियापदं. ‘पासे’ त्यात नाही, ते स्वतः लक्षात ठेवावं लागतं. पण खरा घोळ यादीबाहेर आहे. मराठीत ‘ती झोपली असेल’, ‘ती धावली असेल’, ‘ती हसली असेल’ ही सगळी ‘ती गेली असेल’सारखीच दिसतात, क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलतं, म्हणून हात एत्रकडे जातो. फ्रेंचमध्ये झोपणं, धावणं, चालणं, पोहणं, हसणं ही सगळी आव्हुआरची. एल ओरा दॉर्मी, एल ओरा कुर्यू, शेवटी जादा ई नाही. हालचाल आहे म्हणून एत्र, हा नियमच नाही. खुद्द एत्रलाही आव्हुआरच लागतं: झोरे एते. उलट स्वतःशी ‘स’ असलेली क्रियापदं (स लव्हे, साबिये, स प्रॉमने) झाडून सगळी एत्रची: झ म सरे लव्हे. सहा दुतोंडी आहेत: माँते, देसाँद्र, सॉर्तीर, राँत्रे, रतुर्ने, पासे. पुढे थेट कर्म आलं की ती आव्हुआरकडे जातात. ‘एल सरा सॉर्ती’ म्हणजे ती बाहेर गेली असेल. ‘एल ओरा सॉर्ती ला व्ह्वात्यूर’ म्हणजे तिने गाडी बाहेर काढली असेल.

अकॉर, म्हणजे पार्तिसिपचं लिंगवचन जुळवणं. एत्र असेल तर कर्त्याप्रमाणे: स्त्रीलिंगी ई, अनेकवचनी एस, दोन्ही असतील तर ई-एस. पत्रलेखनात तुम्हाला बाईची भूमिका दिली असेल तर ‘झ सरे पार्ती’च्या शेवटी ई हवा, आणि तो पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत हवा. व्हूच्या बाबतीत समोर कोण आहे ते बघा, कारण एकाच ‘व्हू सरे पार्ती’ची स्पेलिंगं चार होतात. (आणि त्याच ओळीत झ सरेला एस लागला नाही ना, तेही बघा.)

आव्हुआर असेल तर कर्त्याशी काही देणंघेणं नाही. इथे मराठी पुन्हा आडवी येते: ‘त्याने भाकरी खाल्ली असेल’ यात खाल्ली भाकरीमुळे. तीच सवय फ्रेंचमध्ये नेली की सफरचंद स्त्रीलिंगी म्हणून माँझेला जादा ई लागतो, आणि चुकतो. कर्म नंतर आलं तर पार्तिसिपला हात लावायचा नाही. कर्म आधी आलं तरच जुळवायचं: ‘ले लेत्र क झोरे एक्रीत’, मी लिहिलेली असतील ती पत्रं. इथे त ऐकू येतो, कारण स्त्रीलिंगी ई लागल्यावर मुका टी बोलका होतो. फे-फेत, मी-मीझ, प्री-प्रीझ, उव्हेर-उव्हेर्त तसेच. तोंडी परीक्षेत हे कानाला लगेच कळतं. ‘स’वाल्यांत ‘स’ थेट कर्म असेल तरच जुळवा. ‘एल स सरा लव्हे’ला ई लागतो, ‘एल स सरा लव्हे ले मँ’ला नाही, कारण तिथे कर्म हात आहेत आणि ते नंतर आलेत. स पार्ले, स तेलेफोने यांना कधीच नाही.

हा काळ वापरायचा कुठे? ‘पुस्तक वाचून झालं की तुला देईन’ यात मराठी ‘झालं’ म्हणते, म्हणून फ्रेंचमध्ये पासे काँपोझे लिहिलं जातं. चूक. दोन्ही गोष्टी पुढे घडायच्या असतील आणि एक आधी संपणार असेल, तर ती फ्यूत्यूर आंतेरियरमध्ये: काँ झोरे फिनी स लिव्र, झ त ल प्रेतरे. ‘-ल्यावर’ किंवा ‘झालं की’ असं मराठीत येत असेल तर हाच काळ. दोन्ही बरोबर घडणार असतील तर दोन्हीकडे फ्यूत्यूर सँप्ल. काँ, लॉर्स्क (जेव्हा), दे क, ओसितो क (होताच), यून फ्वा क (एकदा का), आप्रे क (नंतर) या सगळ्यांमागे चालतो. आप्रे कमागे फ्रेंच लोकही सर्रास सब्जाँक्तिफ (इच्छा, शंका दाखवणारं क्रियापदाचं रूप) घालतात. व्याकरणाप्रमाणे ते चूक आहे, पेपरात तुम्ही घालू नका. ‘ताँ क’ नकारासकट येतो: ताँ क तु नोरा पा फिनी, काम संपत नाही तोवर. ‘सी’ म्हणजे ‘जर’ असेल तर भविष्यकाळ कुठलाच नाही. कधीच नाही. तिथे पासे काँपोझे: सी तु आ फिनी. आणि सी असलेल्या वाक्यांतच काँदिस्योनेल घुटमळत असतं, तेव्हा झोरेचा एस परत तपासा.

अंदाजाचा उपयोग मराठीला फुकट मिळतो: ‘इल ओरा माँके सों त्रँ’, त्याची गाडी चुकली असेल. जसंच्या तसं.

जागा. नकार सहायकाभोवती: झ नोरे पा फिनी. देझा (आधीच), बियँ (नीट) सहायक आणि पार्तिसिपच्या मधे. सर्वनाम सहायकाच्या आधी. मुदत सांगायला ‘दिसी’: दिसी लँदी, झोरे फिनी, सोमवारपर्यंत माझं संपलेलं असेल.

डेल्फ (फ्रेंचची प्रमाणपत्र परीक्षा) बी-१ पातळीच्या लेखनात किमान १६० शब्द लागतात, त्यात हा काळ दोनतीनदा नीट आला तरी पुष्कळ, ओढूनताणून नको. लिहून झाल्यावर तीन फेऱ्या: पहिलीत फक्त ‘झ’ शोधा आणि एस बघा, दुसरीत सहायक, तिसरीत अकॉर. तिन्ही एकदम केल्या तर एस सुटतो. उलट क्रमाचा प्रश्न असेल तर ‘ओरा-तिल फिनी’ लिहा, टीच्या दोन्ही बाजूंना आडवी रेघ.