ऑन्टॅरिओत को-ऑप विद्यार्थी नेमताना: लहान सॉफ्टवेअर कंपन्यांसाठी

अभ्यासक्रमाचाच भाग म्हणून काही महिने पगारी नोकरी करण्याची को-ऑप पद्धत कॅनडात वॉटर्लू विद्यापीठाने १९५७ साली सुरू केली. आज सेनेका, कॉनेस्टोगा, शेरिडन, मोहॉक यांसारख्या ऑन्टॅरिओतील कॉलेजांमध्येही ती रुळलेली आहे. संगणक प्रोग्रॅमिंगचा दोन किंवा तीन वर्षांचा डिप्लोमा करणारे हे विद्यार्थी साधारणपणे जानेवारी, मे किंवा सप्टेंबरमध्ये चार महिन्यांसाठी कामावर रुजू होतात. टोरांटो परिसरात आणि किचनर-वॉटर्लूत मराठी माणसांच्या लहान सॉफ्टवेअर कंपन्या आहेत. त्यांच्यापैकी ज्यांनी असा विद्यार्थी अजून नेमलेला नाही, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

विद्यार्थी शोधण्याआधी दोन गोष्टी ठरलेल्या असाव्यात: त्याला नेमके कोणते काम द्यायचे आणि त्याच्याकडे रोज कोण लक्ष देणार. पहिले दोन आठवडे दिवसातला एक तास तरी त्याच्या शेजारी बसेल असा अनुभवी माणूस कंपनीत नसेल, किंवा असा माणूस तुम्ही एकटेच असून तुमचा दिवस ग्राहकांकडे जात असेल, तर त्या सत्रात नेमणूक करूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. स्वस्तात मिळालेला प्रोग्रॅमर म्हणून त्याच्याकडे पाहणाऱ्यांची चार महिन्यांनी निराशा होते, आणि विद्यार्थ्याचे तर एक सत्रच वाया जाते.

काम खरे असावे, पण त्याची मर्यादा ठरलेली असावी. ग्राहक ज्याची वाट पाहत आहे आणि ज्याची तारीख पुढे ढकलता येत नाही, असे काम त्याच्यावर सोपवू नये. उलट कोणालाच नको असलेली किरकोळ कामे त्याच्यासाठी राखून ठेवण्यातही अर्थ नाही. जाहिरातीतही हेच नेमकेपण उतरले पाहिजे. ‘हुशार व उत्साही प्रोग्रॅमर हवा’ या वाक्यातून काहीच कळत नाही. ‘गोदामातील मालाच्या नोंदी ठेवणाऱ्या आमच्या जावा प्रणालीत तारखेनुसार शोधण्याची सोय करणे, तिच्या चाचण्या लिहिणे आणि तीन जुने अहवाल वेबवर आणणे’ असे लिहिले, की योग्य विद्यार्थी आपणहून अर्ज करतो. जाहिरात कॉलेजच्या को-ऑप कार्यालयामार्फत लावावी आणि तासाचा दर त्यातच सांगावा. मे महिन्यात माणूस हवा असेल, तर जानेवारी-फेब्रुवारीतच ती लागलेली बरी, कारण चांगले विद्यार्थी लवकर ठरून जातात.

मुलाखतीत गुणपत्रिकेवर फार वेळ घालवू नये. मी चाळीसेक ओळींचा कोड छापून समोर ठेवतो. त्यात बिलाची बेरीज करणारे एक लूप असते, आणि ते एक फेरी आधीच थांबत असल्यामुळे यादीतली शेवटची वस्तू बेरजेतून सुटते. विद्यार्थ्याने तो कोड मोठ्याने वाचत समजावून सांगायचा असतो. चूक सापडली तर उत्तमच, पण ‘यादी रिकामी आली तर काय व्हायला हवे?’ असे जो आपणहून विचारतो, त्याच्याकडे माझे जास्त लक्ष जाते. कोड लिहून देणारी एआयची साधने आता सर्वांच्याच हाताशी असल्यामुळे घरी करून आणलेल्या सोडवणुकीवरून फारसे कळत नाही. समोर बसून दुसऱ्याचा कोड वाचता येतो की नाही, हे मात्र लगेच दिसते.

आपल्या लोकांना येथे एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. आडनाव ओळखीचे दिसले, की ‘मूळ गाव कोणते?’ हा प्रश्न आपल्या तोंडून सहज निघतो. ऑन्टॅरिओच्या मानवाधिकार संहितेनुसार मूळ स्थान, वंश, धर्म यांच्या आधारे नोकरीत भेदभाव करता येत नाही. त्यामुळे मुलाखतीत हा विषय काढूच नये, गप्पांच्या ओघातही नाही. काम करण्याचा कायदेशीर परवाना आहे का, एवढे विचारता येते. परदेशी विद्यार्थ्याच्या बाबतीत नेमणूक पक्की झाल्यावर परवान्याची खात्री को-ऑप कार्यालयाकडून लेखी करून घ्यावी. नोकरीसाठी प्रत्येकाला लागणारा सोशल इन्शुरन्स क्रमांक ९ या अंकाने सुरू होत असेल, तर तो तात्पुरत्या रहिवाशाचा असतो, तेव्हा त्याची मुदतही पाहावी.

आता पैशांचे गणित. आठवड्याला ३५ तासांप्रमाणे १६ आठवड्यांचे ५६० तास होतात; तासाला २२ डॉलर दिले, तर पगार १२,३२० डॉलर होतो. आदल्या वर्षी ज्या कंपनीचा एकूण पगारखर्च ४ लाख डॉलर किंवा त्याहून कमी होता, तिला ऑन्टॅरिओच्या को-ऑप कर-सवलतीत पात्र खर्चाच्या, म्हणजे मुख्यतः विद्यार्थ्याच्या पगाराच्या, ३० टक्के रक्कम मिळते. पगारखर्च ६ लाख किंवा त्याहून अधिक असेल, तर २५ टक्के मिळते आणि मधल्यांसाठी दर त्या प्रमाणात उतरतो. मर्यादा प्रत्येक नेमणुकीमागे ३,००० डॉलरची आहे, म्हणून वरच्या हिशेबात ३,६९६ ऐवजी ३,००० हाती येतात. नेमणूक किमान १० आठवड्यांची असावी लागते आणि कॉलेजचे प्रमाणपत्र हवे. कर भरावा लागत नसला तरी ही रक्कम परत मिळते. कॅनडाच्या केंद्र सरकारच्या विद्यार्थी रोजगार योजनेतून वेतनाच्या निम्मी, कमाल ५,००० डॉलरपर्यंत मदत मिळत आली आहे. ती मिळाली, तर तेवढी रक्कम पात्र खर्चातून वजा होते आणि उरलेल्या ७,३२० डॉलरवर सवलत २,१९६ डॉलर बसते. त्या योजनेत परदेशी विद्यार्थी बसत नाहीत आणि तिचा निधी संपतोही. म्हणून ही रक्कम गृहीत धरून नेमणुकीचा निर्णय घेऊ नये.

रुजू होण्याच्या दिवशी लॅपटॉप, ईमेल आणि कोडच्या रिपॉझिटरीचा (कंपनीचा कोड जेथे साठवलेला असतो तिचा) प्रवेश तयार असावा. खऱ्या ग्राहकांची माहिती काढून टाकलेली डेटाबेसची प्रत त्याला द्यावी. चालू प्रणालीचा पासवर्ड त्याच्याकडे असण्याचे कारण नाही. पहिल्याच आठवड्यात एक लहानशी दुरुस्ती त्याच्या हातून मुख्य कोडमध्ये जाऊ द्यावी. त्याने तपासणीसाठी पाठवलेला कोड त्याच दिवशी पाहून परत द्यावा; तीन दिवस उत्तर आले नाही, तर नवखा माणूस विचारायलाही संकोचतो आणि नुसता बसून राहतो. सत्राच्या मध्यावर कॉलेजचा समन्वयक चौकशी करतो आणि शेवटी मूल्यमापनाचा अर्ज भरावा लागतो. समन्वयकाच्या चौकशीत अडचण असेल ती मोकळेपणाने सांगावी, कारण तोडगा निघण्याइतका वेळ तेव्हाच हाताशी असतो.

शेवटच्या दोन आठवड्यांत नवे काम सुरू करू नये. आपले काम कसे चालवायचे, कोठे अडते आणि काय अपुरे राहिले, हे विद्यार्थ्याकडून लिहून घ्यावे. मग तो कार्यालयात असतानाच दुसऱ्या सहकाऱ्याने केवळ ते टिपण वाचून प्रणाली आपल्या यंत्रावर चालवून पाहावी. जेथे त्याला विद्यार्थ्याला हाक मारावी लागेल, तेथे टिपण अपुरे आहे. ते त्याच दिवशी पुरे करून घ्यावे.