दहावीचा ब्राझील घोकंपट्टी न करता कसा करायचा

दहावीच्या भूगोलात भारताच्या जोडीला अख्खा ब्राझील आहे हे घरात दहावीचं मूल असल्याशिवाय कळत नाही, मलाही लेक दहावीत गेल्यावरच कळलं. पहिल्या चाचणीत बाईसाहेबांनी राजधानी लिहिली रिओ, आणि ॲमेझॉन नेऊन सोडली पॅसिफिकमध्ये! पाठ सगळं होतं पण डोक्यात नकाशाच नव्हता. मग आम्ही पुस्तक बाजूला ठेवून उलट्या बाजूने सुरुवात केली, ते सांगते.

आधी ट्रेसिंग पेपर घ्या नि ब्राझीलची आऊटलाईन ५-६ वेळा गिरवा. मग त्यात दोनच आडव्या रेषा, वर विषुववृत्त आणि खाली मकरवृत्त, हे साओ पावलोजवळून जातं. पश्चिमेला ब्राझीलला समुद्रच नाही, पलीकडे अँडीज आडवा, मग ॲमेझॉन जाणार कुठे, पूर्वेलाच, अटलांटिकमध्ये, तिच्या मुखाशी माराजॉ बेट काढून टाका म्हणजे परत चूक होणार नाही. शेजारी पाठ करत बसू नका, फक्त चिली आणि इक्वेडोर सोडले तर दक्षिण अमेरिकेतल्या सगळ्यांशी सीमा लागते एवढं पुरे.

आता खरी गंमत, पाऊस. वारे अटलांटिकवरून येतात, किनाऱ्यालगत अजस्र कडा उभा, त्याला अडून पाऊस समुद्राच्या बाजूलाच पडतो आणि ईशान्येला कड्यामागचा भाग कोरडा राहतो, तोच तो अवर्षण चतुष्कोन. लेकीला हे कळेना तेव्हा म्हटलं, महाबळेश्वरला धो धो आणि माण-खटावला टँकर, तसंच हे, फक्त आपल्याकडे वारा पश्चिमेकडून येतो नि तिथे पूर्वेकडून. लगेच ट्यूब पेटली!

हे बसलं की 'भौगोलिक कारणे लिहा'वाले निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. माणसं कुठे राहतात? किनाऱ्याच्या पट्ट्यात, कारण आत उत्तरेला दाट जंगल आणि दलदल, रस्ते नाहीत, मनौस एवढं मोठं शहर पण आजही बरीचशी ये-जा नदीतून बोटीने नाहीतर विमानाने. हीच किनाऱ्यावरची गर्दी आत सरकावी म्हणून पठारावर ब्राझिलिया नवीन बांधली आणि १९६० साली राजधानी रिओहून तिकडे नेली, हे कारण कळल्यावर रिओ परत कधी लिहिलं नाही तिने. २०२२ च्या जनगणनेत लोकसंख्या साधारण २० कोटी ३० लाख, म्हणजे चौरस किलोमीटरला जेमतेम २४ माणसं, आणि त्यातही ८७ टक्के शहरात! पेपरात मात्र पुस्तकातलाच आकडा लिहा हं, नेटवरचा नको.

लोकांबद्दल एवढंच लक्षात ठेवा की पोर्तुगीज १५०० साली आले, आफ्रिकेतून गुलाम आणले, गुलामगिरी संपली थेट १८८८ मध्ये, पुढे १९०८ पासून जपानीसुद्धा कॉफीच्या मळ्यांवर मजुरीला आले. भाषा पोर्तुगीजच, शेजारी बहुतेक स्पॅनिशवाले असले तरी. आणि काजू खाताना मुलांना सांगा, झाडही तिकडचं नि शब्दही तिकडचा, पोर्तुगीजांनी गोव्यात आणला.

अर्थव्यवस्थेला नकाशावरच खुणा करा, साओ पावलो नि मिनास जेराइसला कॉफी, काराजासला लोहखनिज, आतल्या माटो ग्रोसोला सोयाबीन, जे मुख्यतः चीनला जातं. उसावर मात्र जरा थांबा कारण हे आपल्या घरचं आहे. तिथले बरेच कारखाने भाव बघून ठरवतात साखर जास्त काढायची की इथेनॉल, १९७५ पासून गाड्यांत इथेनॉल वापरायची सरकारी योजना आहे त्यांची, आणि त्यांनी साखर जास्त काढली की जगात भाव पडतो नि कोल्हापूर-सांगलीकडे चर्चा सुरू. माझ्या दिराचा ऊस जातो कारखान्याला, तो ब्राझीलच्या पावसाची बातमी आवर्जून वाचतो, लेकीला हा धडा त्यानेच शिकवला खरं तर.

शेवटी वेळेचं गणित, ब्राझिलिया आपल्यापेक्षा साडेआठ तास मागे, आपल्याकडे संध्याकाळचे साडेपाच तर तिथे सकाळचे नऊ. परीक्षेच्या आदल्या रात्री नवीन काही वाचायला देऊ नका, कोरा नकाशा तीनदा भरून घ्या फक्त. आमच्याकडे पहिल्यांदा अर्धा तास लागला, तिसऱ्यांदा ७ मिनिटं.